एक्झिट कारंजा

समृद्धी महामार्गावर नागपूरहून निघालात, गाडीत गाणी बरी असली आणि मागच्या सीटवरचं कुणी ‘जरा थांबा ना’ म्हणालं नाही, तर साधारण दोन तासांच्या आत एक पाटी येते. कारंजा लाड. ताशी १२०च्या स्पीडला ती वाचायला मोजून चार सेकंद मिळतात. तेवढ्यात शिर्डी किती राहिली ते बघायचं, पुढचा पंप कुठे ते शोधायचं, की हे कारंजा म्हणजे नक्की कुठलं याचा विचार करायचा? साहजिकच पाटी मागे पडते.

मला मात्र तिथे एक्झिट घ्यावीच लागते, कारण ते माझ्या मावशीचं गाव. गेल्या थंडीत घेतली ती जरा नाजूक कामासाठी. मावशीचे दोन्ही मुलगे बाहेर. मोठा दादा हिंजवडीत, धाकटा बंगळुरूत. वेशीच्या आत लाकडी खांबांचं जुनं घर आणि त्यात मावशी एकटी. दादाचं म्हणणं, एक्झिट झालीय, आता भाव येईल, विकून टाकू आणि आईला पुण्याला नेऊ. मावशी विषय निघाला की चहा ठेवायला उठते. मग ‘तू समजाव तिला’ हे काम माझ्यावर आलं. का, तर मी एचआरमध्ये आहे. ‘लोकांना गोड बोलून बाहेर काढायचा तुला अनुभव आहे’ इति दादा. थँक्स!

म्हटलं, समजवायचंय तर आधी गाव तरी नीट बघू. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत बघितलेलं गाव म्हणजे आंबे, अंगण आणि गुरुमंदिराचा प्रसाद. या वेळी दादाची जुनी स्कूटर काढली आणि दोन दिवस हिंडले.

सुरुवात नावाच्या घोळापासून. महाराष्ट्रात कारंजा एक नाही. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे, आणि कुरिअरची पार्सलं या दोघांत नियमित चुकतात. आपलं हे वाशिम जिल्ह्यातलं, ‘लाडांचं कारंजं’. लाड म्हणजे लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातच्या बाजूने आलेले व्यापारी. त्याआधी याला ‘बीबीचं कारंजं’ म्हणायचे असं सांगतात. अहमदनगरच्या निजामशाहीतल्या कुणा मुलीला ते आंदण दिलं होतं म्हणे. आणि मूळ कारंजा? ते करंज ऋषींवरून. ऋषींना असाध्य रोग जडला, त्यांनी देवीची आराधना केली, देवीनं त्यांच्यासाठी तळं निर्माण केलं आणि त्यात आंघोळ करून ते बरे झाले. हा ऋषी तलाव आजही गावात आहे. एका गावाला ऋषी, बीबी आणि व्यापारी अशी तीन वेगवेगळी नावं देऊन गेले, यावरूनच कळतं की इथे कोण कोण येऊन गेलं असेल.

आता थोडा भूगोल. घाबरू नका, दहावीचा नाही. वाशिम जिल्हा तसा कोवळा. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा काढला. त्याआधी कारंजा अकोला जिल्ह्यात, आणि इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूर तालुक्यातलं एक गाव. नकाशात हा भाग वऱ्हाडच्या दक्षिण अंगाला येतो. खाली काळा पाषाण, वर काळी कसदार माती, उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. पण खरी गंमत पाण्याची आहे. कारंज्याच्या परिसरात बेंबळा उगम पावते, ती वर्ध्येला मिळते. तालुक्यातून अडाण नदीही जाते (नाव अडाण, पण धरण बांधून शेती पिकवते, म्हणजे हुशारच). हे सगळं पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. उत्तरेला मूर्तिजापूरकडे निघालात की मात्र हिशेब बदलतो. तिकडची उमा नदी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. दोन गावांत अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. मधला चढ इतका पुसट, की स्कूटरला गिअरसुद्धा बदलावा लागत नाही. पण त्या चढाच्या अलीकडे पडलेला थेंब पूर्वेला जातो आणि पलीकडचा पश्चिमेला. मी तिथे उगाचच गाडी थांबवून दोन्हीकडे बघितलं. दोन्हीकडे तूर होती.

अशा उंचवट्यावरच्या सपाट गावातून वाटा जाणारच. जुन्या गावाला तट होता आणि चार वेशी. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. यातली तीन नावं आजूबाजूच्या गावांची, सरळ हिशेब. चौथी एकदम दिल्ली! म्हणजे वेशीतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या डोक्यात किती लांबचा प्रवास असेल बघा. आज दिल्ली वेशीजवळ ऑटो, फळांच्या गाड्या आणि मोबाइल रिचार्ज यांची गर्दी असते. मावशीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर.

हे गाव एकेकाळी किती श्रीमंत होतं, याचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे ते लुटलं गेलं. १६७०च्या ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. त्यानंतर वणी-दिंडोरीची लढाई झाली आणि वर्ष संपता संपता महाराजांची फौज थेट वऱ्हाडात उतरली. निशाणा कारंजा. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिलेला तपशील वाचला की चाटच पडायला होतं. उंची कापड, सोनं, चांदी मिळून एक कोटीचा ऐवज. तो वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवं. गावातले सगळे धनिक पकडले गेले, एक सोडून. जो सगळ्यात मोठा होता, तो बाईचं लुगडं नेसून निसटला. मराठ्यांची फौज बायकांना हात लावत नाही, ही खात्री त्या शेटजींना होती, हे विशेष. चार हजार जनावरं म्हणजे किती, ते डोळ्यांसमोर आणा. वेशीतून एकामागून एक निघाली असतील तर शेपूट बाहेर पडेपर्यंत दिवस मावळला असेल.

श्रीमंतीची आणखी एक गोष्ट गावात सांगतात. ती कस्तुरीच्या हवेलीची. एक व्यापारी कस्तुरी घेऊन विकायला आला. इतका महाग माल या गावात कोण घेणार, असं काहीतरी तो बोलून गेला असावा. गावच्या सावकारानं सगळी कस्तुरी विकत घेतली आणि चालू असलेल्या घराच्या बांधकामात कालवायला लावली! ऐकीव गोष्ट आहे, चुन्याचा नमुना लॅबमध्ये पाठवायच्या भानगडीत पडू नये. पण आपल्याकडे कुणी ‘बजेट नाही वाटतं तुमचं?’ म्हणालं की आपण जो मोबाइल घेऊन टाकतो, त्या भावनेचा हा मूळपुरुष असणार.

लुटीनंतरही गाव संपलं नाही. वाटा होत्या तोवर माल येत राहिला. पुढे ‘माल’ म्हणजे कापूस हे समीकरण झालं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग वऱ्हाडातून टाकला गेला. पण तो मूर्तिजापूरवरून गेला, कारंज्याला बाजूला ठेवून. कापूस बैलगाड्यांवरून तिथवर न्यायचा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटरची नॅरोगेज टाकली गेली, कारंज्यावरून. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. हीच ती लोकांची लाडकी ‘शकुंतला’.

शकुंतलेची कुंडली भन्नाट आहे. ही लाइन एका खासगी ब्रिटिश कंपनीची. किलिक निक्सन ही तिची व्यवस्थापक. गाड्या चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ती मोठी रेल्वे सरकारनं ताब्यात घेतली, पण हा छोटा रूळ कंपनीकडेच राहिला, आणि स्वतंत्र भारताची रेल्वे वऱ्हाडातल्या रुळाचं भाडं देत राहिली. गाडी ओढायला १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन होतं. ते १९२३पासून थेट १५ एप्रिल १९९४पर्यंत राबलं. सत्तर वर्षं! आपला लॅपटॉप तीन वर्षांत हांग होतो. मग डिझेल इंजिन आलं, पण वेग काही वाढला नाही. मावशी सांगते, ‘गाडी चालू असतानी लोक खाली उतरून बोरं तोडायचे अन् पुढच्या डब्यात चढायचे.’ यातलं निम्मं जरी खरं असलं तरी पुरे.

२०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी या मार्गाच्या ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटींची घोषणा केली. त्याच दशकात गाडी मात्र बंद पडली. नंतर आंदोलनं झाली, निवेदनं गेली. मावशीला कुणी शकुंतलेबद्दल विचारलं की ती आजारी नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलते. माझ्या मते या गावाचं खरं दुखणं समृद्धी नाही, शकुंतला आहे. समृद्धीवर चढायला चारचाकी लागते, दुचाकीला तिथे मनाई. शकुंतलेत दहा-वीस रुपयांत मजूर, कॉलेजची पोरं आणि भाजीवाल्या बसायच्या. माझ्यासारखीचा प्रवास दोन तासांनी कमी झाला हे छानच, पण मूर्तिजापूरला कामाला जाणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळालं?

असो. आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी मी तुम्हाला एक्झिट घ्यायला सांगते आहे.

कारंज्याला जैनांची काशी म्हणतात. दिगंबर पंथाच्या तीन परंपरांची इथे जुनी मंदिरं आहेत. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. (यातल्या दुसऱ्या नावाचा आपल्या रोजच्या शब्दाशी काहीएक संबंध नाही, ते मुनींच्या एका जुन्या संघाचं नाव.) काष्ठासंघाच्या मंदिरात लाकडावरचं कोरीवकाम आहे, ते शांतपणे बघण्यासारखं. शिवाय १९१८ मध्ये सुरू झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम आहे. या मंदिरांमध्ये भट्टारकांच्या गाद्या होत्या, आणि भट्टारक म्हटले की पोथ्या आल्या. शतकानुशतकं पोथ्या नकलून घ्यायच्या, फडक्यात गुंडाळायच्या, कपाटात ठेवायच्या. चार हजार जनावरं भरून माल गेला तेव्हाही पोथ्यांना कुणी हात लावला नसावा. बाजारात त्यांना भाव काय होता?

१९२०च्या दशकात इथे काय आहे ते बाहेरच्या जगाला कळलं. रायबहादूर हिरालाल या विद्वान अधिकाऱ्यानं मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली. ती १९२६ मध्ये छापून आली आणि तीत कारंज्याच्या पोथ्या होत्या. मग दुसरे हिरालाल आले. अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन. (दोन हिरालाल, एकच गाव, कुरिअरवाल्यांचा शाप इथेही आहे.) या कपाटांतून अपभ्रंश भाषेतली काव्यं निघाली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची. हा कवी राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला लिहीत होता. त्याचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी संपादित केलं आणि ते १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत छापलं गेलं. १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ मध्ये कनकामर मुनींचं ‘करकंडचरिउ’ आलं, हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली.

यात इतकं काय, असं म्हणाल. अपभ्रंश ही प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्यामधली पायरी. प्राकृत नाटकांतून, शिलालेखांतून माहीत होतं. मराठी, गुजराती, हिंदी आपण बोलतोच. पण मधल्या काही शतकांत लोकांची जीभ कशी वळत गेली, याचे लांबलचक लेखी पुरावे अभ्यासकांच्या हातात तेव्हा फारच थोडे होते. ते ज्या थोड्या ठिकाणांहून मिळाले, त्यातलं एक हे तालुक्याचं गाव. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पेढ्यांचे इमोजी पडले होते. त्यात कारंज्याचं नाव कुणी घेतलं नाही. आता घ्या.

गुरुमंदिराबद्दल फार सांगायला नको. दत्तसंप्रदायातले नृसिंह सरस्वती यांचं हे जन्मगाव. चौदाव्या शतकातली गोष्ट. मुलगा बोलतच नव्हता, फक्त ओंकार म्हणायचा, आणि मुंजीत आईनं भिक्षा घातली तेव्हा एकदम वेद म्हणू लागला, अशी गुरुचरित्रातली कथा. पुढे तो मुलगा घर सोडून काशीला गेला, मग औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर. आज वाडीला आणि गाणगापूरला जेवढी गर्दी असते, तेवढी इथे नसते. आजचं मंदिर १९३०च्या दशकातलं. सकाळी सातला गेलात तर निवांत बसता येतं.

मला त्या कथेतली आई आठवत राहिली. मुलगा पहिल्यांदा बोलला तो थेट घर सोडायचीच भाषा! आणि तिथून परत येताना घराचा विषय काढायचा होता.

काढला. रात्री जेवण झाल्यावर. भरीत-भाकरी आणि वर तेल घातलेला ठेचा पोटात गेल्यावर माणूस जरा मऊ होतो, असा माझा अंदाज होता. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. पुण्यातला फ्लॅट, लिफ्ट, हॉस्पिटल जवळ, नातवंडं. मग म्हणाली, ‘घर विकून टाकलं तं तुम्ही सुट्टीत कुठी यान?’ मी म्हटलं, मावशी, आम्ही येतो कुठे सुट्टीत? त्यावर ती हसली. ‘म्हणून तं म्हणतो.’ (वऱ्हाडात बायकाही ‘मी म्हणतो, मी जातो’च म्हणतात, हे पुण्यातल्या वाचकांसाठी.) तिचा प्लॅन तयार होता. समोरच्या दोन खोल्या गुरुमंदिरात येणाऱ्या लोकांना रोजच्या भाड्यानं द्यायच्या. ‘रस्ता झाला तवापासून मुंबईचे लोक बी येऊन राह्यले. रात्री राह्याची सोय विचारतेत.’ फक्त बाथरूम नीट करायचं होतं, त्यासाठी पैसे दादानं द्यावेत. एवढंच.

मी दादाला फोन लावून दिला आणि बाहेर अंगणात आले. आतून वीस मिनिटं आवाज येत होता. एचआरच्या भाषेत सांगायचं तर एम्प्लॉयी रिटेन झाली आणि वर तिनं बजेटही पास करून घेतलं. दादा अजून मनातून तयार नाही. एक वर्ष बघू, म्हणतोय. फरशी मात्र आली आहे, निळी.

दुसऱ्या दिवशी परतताना थोडा वाकडा रस्ता घेऊन सोहोळकडे गेले. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य, २००० मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्र अठरा चौरस किलोमीटरच्या जरा वर. ताडोब्याची सवय असलेल्यांना हे चेष्टेसारखं वाटेल. वाघ नाही, घनदाट जंगल नाही, नुसती माळरानं. पण काळवीट जंगलातला प्राणी नाहीच, त्याला लांबवर दिसणारा, पळायला मोकळा माळच लागतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन नर शिंगं वर करून उभे होते. शेतकऱ्यांना ते फारसे आवडत नाहीत, कोवळी पिकं खातात म्हणून, आणि तक्रार अगदीच रास्त आहे. आजूबाजूला बहुतेक सोयाबीन निघून हरभरा आणि तूर उभी. कापसाच्या या मुलखात आता सोयाबीनचा वरचष्मा आहे, कारण ते चार महिन्यांत हातात येतं आणि वेचायला मजूर लागत नाहीत.

तर, जाणार असाल तर. नागपूरहून समृद्धीनं दोन तासांच्या आसपास. मुंबईकडूनही आता सलग रस्ता आहे, ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून. पण ७०१ किलोमीटरचा रस्ता एका दमात मारायचा हट्ट करू नका, सरळ रस्त्यावर झोप लागते. रेल्वेनं यायचं तर मूर्तिजापूरला उतरा आणि एसटी धरा. खिडकीजवळ बसलात तर तो पुसट चढ कुठे येतो ते शोधत बसा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, एप्रिल-मे नकोच. गुरुमंदिर सकाळी, जैन मंदिरं दुपारच्या आत, वेशी संध्याकाळी, गाडी बाहेर लावून पायी. मंदिरातल्या पोथ्या म्हणजे म्युझियमचं शोकेस नव्हे. त्या बघायला मिळतीलच असं नाही; आधी विचारा, चामड्याचा पट्टा, पर्स बाहेर ठेवा आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका. आणि राहायची सोय लागली, तर दिल्ली वेशीजवळ कुणालाही विचारा, ‘निळ्या फरशीचं बाथरूम कोणाकडे?’